पाववालीचा अंगठा

पाववालीनं पहिल्या नमुन्यात अंगठा रुतवला, काढून घेतला आणि खड्डा भरून यायची वाट पाहिली. खड्डा लगेच भरला.

"कच्चं आहे," ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी चष्मा वर सरकवला. टेबलावर पांढऱ्या कापडावर सिलिकॉनचे सहा स्तन मांडले होते, गोल गरगरीत, पारदर्शक. बायका यायच्या, ते उजेडात धरायच्या, आरशासमोर छातीशी लावून बघायच्या. कच्चं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

"कच्चं म्हणजे?"

"पीठ फुगायला ठेवतो ना आम्ही, ते तयार झालं का हे असंच बघायचं. खड्डा पटकन भरला तर कच्चं. भरलाच नाही तर हाताबाहेर गेलं. हळूहळू, आळस देत वर आला, की झालं."

"माणसांनासुद्धा अंगठा लावून बघते ही," शेजारच्या खुर्चीवरून नणंद म्हणाली. "माझ्या भावाला लावलाच होता. नापास होता, तरी ठेवून घेतला."

बेकरी या दोघींची. भट्टी भावजयीची, काउंटर नणंदेचा, आणि दोघींचं सख्य विळ्या-भोपळ्याचं. नणंदेनं इतक्या वर्षांत एका पावाला बरं म्हटलं असेल तर शपथ. एक वरून करपलेला, दुसरा आतून ओला. तरी आज बेकरीला कुलूप घालून, इस्त्रीचे कपडे चढवून तीच सोबत आली होती.

दोन वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे पाववालीचा डावा स्तन काढावा लागला. त्यातून ती उठली, भट्टीपुढे उभी राहिली, पीठ मळताना पूर्वीसारखी शीळही घालायला लागली. एकच गोष्ट सुटली. आधी ती आल्यागेल्याला कडकडून मिठी मारायची. आता बाजूनं, नुसत्या खांद्यानं मारायची. समोरच्याला तिथली पोकळी लागेल, ही धास्ती. आणि ऑपरेशननं कातडीखाली नवं बसवून तिथं टणक काही लागलं, तर ते तिला पोकळीहूनही वाईट वाटणार होतं.

दुसरा कच्चा. तिसरा कच्चा. चौथा तर तिनं टेबलावर हलकेच आपटूनही पाहिला. सहावा खाली ठेवला तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"राहू दे डॉक्टर," ती म्हणाली. "नाही जमायचं. उगाच तुमचा वेळ घेतला."

डॉक्टरबाई काही बोलणार, तेवढ्यात नणंद उठली. तिनं एक नमुना उचलला आणि गालाला लावला.

"अगं, गार आहेत की हे! या खोलीत माझी बोटं आखडलीत, यांचं काय होणार? गार पिठाला अंगठा लावायचा नाही म्हणून कामाला येणाऱ्या पोरींवर खेकसतेस, आणि स्वतः काय करतेस?"

पाववालीनं जीभ चावली. इतकी वर्षं भट्टीपुढे काढून पहिल्याच दिवशीची चूक! ती इतकी खदखदून हसली की नर्सनं आत डोकावून पाहिलं. डॉक्टरबाईंनी नर्सलाच कोमट पाणी आणायला सांगितलं. मोठं भांडं आलं आणि सहाही जण त्यात आंघोळीला बसले.

दहा मिनिटांनी परीक्षा पुन्हा सुरू झाली. पहिला तरीही कच्चाच निघाला. दुसरा बरा. पाचव्यात अंगठा रुतला, निघाला, आणि खड्डा सावकाश, जराही घाई न करता वर आला. पाववालीनं पुन्हा दाबला. मग दुसरा हात स्वतःच्या उजव्या बाजूला लावला आणि डोळे मिटले.

"हे," ती म्हणाली.

"सगळ्यात मऊ आहे हे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हाताला अगदी खऱ्यासारखं लागतं. पण एक आधीच सांगते, तुमची कातडी पातळ आहे. वरच्या बाजूला थोड्या सुरकुत्या दिसतील."

"दिसू देत. उजवीकडे काय इस्त्री केलेली आहे?"

नणंदेला हसता हसता ठसका लागला.

डॉक्टरबाईंनी तो नमुना पुसून एका सैलसर ब्रामध्ये बसवून दिला. पाववाली पडद्याआड गेली आणि कुर्त्याची बटणं लावत बाहेर आली. डॉक्टरबाईंनी उंच आरसा तिच्याकडे वळवला.

"हातच्या काकणाला आरसा कशाला?" पाववाली म्हणाली. "ताई, उठा. डोळे मिटा. दोन्हीकडे सारखं लागतं का, ते खरं सांगा. आणि खोटं बोलायचं नाही."

"मी? तुझ्याशी खोटं बोलून मला काय मिळणार?" नणंद उभी राहिली आणि तिनं डोळे घट्ट मिटले.

पाववाली दोन पावलं पुढे आली. जरा थबकली. मग हात पसरून तिनं नणंदेला समोरून, अख्खं, कवेत घेतलं.

नणंदेचे हात आधी तसेच लोंबत राहिले. मग ते भावजयीच्या पाठीवर गेले. तिथं कुर्त्याला थोडं पीठ लागलं होतं, ते काही तिनं झटकलं नाही.

बाहेर पुढच्या बाईच्या नावाचा पुकारा झाला. डॉक्टरबाईंनी नर्सला दार लोटून घ्यायची खूण केली.

"काय ताई?" पाववालीनं तिच्या खांद्यावरून विचारलं. "कळलं का?"

"नाही अजून," नणंद म्हणाली. "गप उभी राहा. पिठाला घाई चालत नाही."