पोट बोलेपर्यंत

डॉक्टर खोलीत आल्या तरी सिस्टर खुर्चीतून उठल्या नाहीत.

“आई, उठा ना,” सून त्यांच्या कानाशी पुटपुटली.

“बघू आधी,” सिस्टर म्हणाल्या. डॉक्टरांना ऐकू जाईल अशा बेतानेच म्हणाल्या.

ऑपरेशन थिएटरमध्ये त्यांची उभी हयात गेली होती. सर्जन आत आला की उठायचं आणि तो बाहेर पडेपर्यंत बसायचं नाही, हा तिथला रिवाज. निवृत्त झाल्यावर मात्र हे उठणं त्यांनी लायक माणसासाठी राखून ठेवलं होतं. त्यात जनावरांच्या डॉक्टरांनी त्यांना चांगलंच पोळवलेलं. पहिल्याने लाटसाहेबांना कान धरून पिंजऱ्यातून उपसलं. दुसऱ्याने तपासायच्या आधीच ‘गाजर घाला’ म्हणून सांगितलं. तिसरा म्हणाला, “ससा हा माझा प्रांत नव्हे, या बाईंकडे जा.” तिघांत तोच काय तो शहाणा, असं सिस्टरांचं मत.

लाटसाहेब म्हणजे सिस्टरांचा ससा. पांढरा, गुबगुबीत, एक कान कायम पडलेला. मुक्काम सिस्टरांच्या पलंगाखाली. त्या घरात सिस्टरांना न घाबरणारे तेवढे एकच. हल्ली त्यांची हनुवटी लाळेने ओली असायची. गवताची काडी तोंडात घ्यायचे आणि टाकून द्यायचे. दाढा वाढल्या असाव्यात, भूल देऊन घासाव्या लागतील, असं इथून फोनवर सांगितलं होतं.

डॉक्टर वयाने लहानच होत्या. त्यांनी हात धुतले, पुसले आणि एकमेकांवर चोळून ऊबदार केले. हे सिस्टरांच्या नजरेतून सुटलं नाही. मग एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली घालून त्यांनी ससा अंगाशी उचलला. आता लाटसाहेब लाथा झाडणार म्हणून सून मागे सरकली. लाटसाहेब हललेदेखील नाहीत. डॉक्टरांनी गालावरून बाहेरूनच बोट फिरवलं. एका जागी ते दचकले.

“इथे टोक आलंय दाढेला. जिभेला टोचतंय.” मग त्यांनी पोट दाबून पाहिलं, नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. “शेवटचं कधी खाल्लं यांनी?”

“काल संध्याकाळी. नंतर घास जाऊ दिलेला नाही,” सिस्टर ताठ बसून म्हणाल्या. “गवतसुद्धा काढून घेतलं. भूल द्यायची म्हणजे पोट रिकामं हवं.”

“फोनवर म्हणाले होते, खाणं चालू ठेवा. मी सांगत होते आईंना,” सून म्हणाली.

“तेव्हाच मी ओळखलं, इथला कारभार कच्चा आहे.”

डॉक्टर रागावल्या नाहीत. “थिएटरला होतात तुम्ही?”

“सगळी नोकरी.”

“मग सिस्टर, पेशंटला उपाशी का ठेवायचं?”

“भुलीत उलटी झाली तर श्वासनलिकेत जाते. पेशंट हातचा जातो.”

“सशाला उलटी होतच नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “त्याच्या पोटात सारखं काहीतरी जात राहावं लागतं. उपाशी राहिला की आतडं थांबतं. आणि आत्ता मला काहीच ऐकू येत नाहीये.”

पुढचं सांगायची गरज नव्हती. ऑपरेशन झालेल्या माणसाचं पोट बोलेपर्यंत, म्हणजे आतड्याचा आवाज नळीत ऐकू येईपर्यंत, त्याला पाण्याचा घोट न देणाऱ्या सिस्टर. गप्प पोट म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

“म्हणजे मीच...”

“नियम बरोबर होता, सिस्टर. पेशंट वेगळा आहे.”

एवढं बोलून डॉक्टर कामाला लागल्या. दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं. कातडीखाली सलाईन सोडलं. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून कुशीला ठेवली. बाहेर कुत्रं भुंकलं, तेव्हा मान वर न करता म्हणाल्या, “त्याला पलीकडच्या दाराशी बसवा, याचा जीव घाबरतो.” गवताची पूड कोमट पाण्यात कालवून, बिनसुईच्या सिरिंजमधून, गालाच्या कडेने थेंब थेंब. लाटसाहेब गिळायचे तेव्हाच पुढचा थेंब. घाई नाही की लाडीगोडी नाही. वाकून त्यांची पाठ भरून आली असणार, पण हात तसूभर हलत नव्हता. असे हात सिस्टरांनी आयुष्यात फार थोडे पाहिले होते. काळजाचं पाणी झालेलं असतानाही त्या हातांवरून त्यांची नजर हटेना.

डॉक्टर मधूनमधून नळी लावत होत्या आणि काही न बोलता काढत होत्या.

एकदा मात्र त्यांनी स्वतःच्या कानांतली नळी काढली आणि खुर्चीतल्या सिस्टरांच्या कानांत घातली. सिस्टरांनी डोळे मिटले. आधी काहीच नाही. मग खूप आतून, आधण यायच्या आधी पातेलं बोलतं तसं काहीतरी. थांबलं. पुन्हा आलं.

“बोललं,” त्या म्हणाल्या. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही.

थोड्या वेळाने टॉवेलावर एक लेंडी पडली. पलंगाखालच्या लेंड्यांवरून रोज कटकट करणारी सून आनंदाने ओरडली, “आई, बघा, बघा!”

“दाढा दुपारी घासू, जरा ताकद येऊ दे,” डॉक्टर म्हणाल्या आणि पुढची सिरिंज भरू लागल्या.

सिस्टर खुर्चीचा हात धरून उठल्या. पदर सारखा केला, टेबलापासून पाऊलभर अंतर राखलं आणि हात मागे बांधून उभ्या राहिल्या.

“अहो आई, बसा ना. गुडघे धरतील.”

“डॉक्टर उभ्या आहेत अजून,” सिस्टर म्हणाल्या.