फोटो हलवू नका
विश्वंभररावांना झाशीत पार्सल आलं, रत्नागिरीतल्या त्यांच्या फ्लॅटच्या भाडेकरूकडून. आत त्यांच्याच वारलेल्या आईचा फोटो होता, नव्या काचेत बसवलेला. सोबतची चिठ्ठी नात ईशानी अडखळत वाचू लागली. “काका, माफ करा. आईंचा फोटो हलवू नका म्हणाला होतात, म्हणून तीन वर्षं नुसता हार बदलला. यंदा पावसात मागची भिंतच फुगली. आईंना ओलीत ठेववेना. तुम्हाला तिकडे कसं कळणार? भिंत आम्हीच नीट करून घेतली.” ती थांबली. “आजोबा, ओल मतलब सीलन ना?” त्यांनी नुसता हुंकार दिला. भाडेकरू घर बघायला येणार म्हणून भिंतीवरची ओल झाकायला त्यांनीच खिळा ठोकून आईला टांगलं होतं. ईशानीने फोटो उचलला. “पणजीला कुठे लावू?” झाशीच्या घरातल्या सगळ्या भिंती कोरड्या ठणठणीत होत्या, पण विश्वंभररावांचं बोट त्यातल्या एकाही भिंतीकडे उठेना.