एका अळीला एक वाटी

हडपसरच्या एका कीडनियंत्रण प्रयोगशाळेत श्यामलाबाई अठरा वर्षं प्रयोगासाठीच्या बोंडअळ्या वाढवत होत्या, एका वाटीत एक, लेकरासारखी जपून. नवे व्यवस्थापक हजार वाट्या पाहून हसले. "प्रत्येकीला स्वतंत्र खोली? लॉज चालवतो का आपण? सगळ्या एकाच ट्रेमध्ये ठेवा. वाट्या नकोत, उद्यापासून तुम्हीही नकोत." "अहो साहेब, त्या एकत्र ठेवल्या की..." "बाई, मला शिकवू नका!" बोंडअळीला शेजारीण दिसली की ती पान सोडून तिलाच खाते, हे सांगायचं राहिलं. बाईंनी स्वतःच्या हातांनी एकेक अळी ट्रेमध्ये सोडली. शेवटची सोडेपर्यंत पहिलीने दुसरीची मान धरली होती. साहेब दारापर्यंत सोडायला आले. "रागावू नका हं. जाताना अळ्यांबद्दल काही सांगायचंय?" बाईंनी पदराने हात पुसले. "काही नाही. जेवायला बसल्यात. सकाळपर्यंत ताटावरून उठवू नका."