मुदियान्सेकडची काठी

सीलवतीने चहाच्या टपरीत पाऊल टाकलं आणि हात पुढे केला. मुदियान्सेने छपराच्या वाशांतून एक काठी ओढून काढली, फडक्याने पुसली आणि तिच्या हातात दिली.

"यंदा वाळवी धरत होती अक्का. दोनदा धुरी दिली."

"पावसाळ्यात कुठं ठेवलीस?"

"घरी नेतो की. हंगाम संपला की टपरी मोडायची, काठी घरी. बायको म्हणते, ही सवत कुठून आणली."

दोघं हसले. सीलवतीचा नवरा विल्बर्ट मागे दम खात उभा होता, तो हसला नाही. श्रीलंकेतल्या श्रीपादाच्या डोंगरावर, यात्रेच्या अर्ध्या वाटेत, आपल्या बायकोची काठी एका परक्या माणसाच्या छपरात असते, हे त्याला आत्ता कळत होतं. सत्तावीस वर्षं तो जहाजांवर स्वयंपाकी होता. चौऱ्याण्णव बंदरं पाहून गेल्या वर्षी घरी बसला. सुट्टी मिळायची ती नेमकी पावसाळ्यात, डोंगर बंद असताना. त्यामुळे हा डोंगर तो पहिल्यांदाच चढत होता.

मुदियान्सेने सीलवतीपुढे आल्याचा कोरा चहा ठेवला आणि बशीत गुळाचा खडा. खडा बारका होता, तिला साखरेचा त्रास आहे म्हणून. मग तो विल्बर्टकडे वळला.

"दाजी, तुम्हाला गोड किती?"

साधा प्रश्न, पण विल्बर्टला झोंबला. फळीवर बसत तो म्हणाला, "रॉटरडॅमला एक टपरी होती. तिथला चहा प्यायलास तर—"

"रॉटरडॅम म्हणजे ही," मुदियान्से म्हणाला, आणि सीलवतीच्या काठीवरच्या एका खाचेवर त्याने अंगठा टेकवला. "तिकडे बर्फ पडतोय म्हणाली होती अक्का. ही डर्बन. ही तुमचा हात तेलात भाजला ते वर्ष."

विल्बर्टने काठीकडे नीट पाहिलं. मुठीपासून खाली ओळीने खाचा होत्या.

"तुला रे काय माहीत?"

"दरसाल सांगायची ना. तुम्ही कुठं आहात ते आधी, मग खाच." त्याने चाकू सीलवतीकडे सरकवला. "आज कुठलं बंदर अक्का?"

"आज घरीच आहेत," सीलवती म्हणाली आणि अठ्ठाविसावी खाच पाडू लागली.

आपली बंदरं आपल्या आधी या माणसाने पाठ केलेली. जगभर फिरलो आपण, आणि सगळा ऐवज या चहावाल्याकडे. मुदियान्सेने पुढे ठेवलेला चहा विल्बर्टला कडू लागला, गूळ असून.

"ही एवढी खोल का?" त्याने एका खाचेला बोट लावलं.

मुदियान्सेने सीलवतीकडे पाहिलं. ती खाच पाडत राहिली.

"ते एकोणिसावं. नाताळपासून तुमचं पत्र नाही, फोन नाही. अक्का या फळीवर दोन तास बसून होती, पाय उचलेना. मग मी टपरी बंद केली आणि वरपर्यंत गेलो सोबत."

"हे मला कधी बोलली नाहीस तू," विल्बर्ट बायकोला म्हणाला.

"घरी आलात की तुम्ही बंदरं सांगायचात. मी ऐकायचे."

"त्या साली होतात कुठं दाजी?" मुदियान्सेने विचारलं. "एवढं एकच राहिलंय बघा आमचं."

विल्बर्टने तोंड उघडलं. डोळ्यांपुढे धक्क्यावरची क्रेन आली, तारेचं कुंपण आलं, फाटकापाशी फोनची रांग आली. रांग मोठी होती म्हणून तो परत फिरला होता, तेही आठवलं. पण असं फाटक आणि असं कुंपण सगळीकडेच होतं. हे कुठलं, ते काही केल्या आठवेना.

"सिंगापूर," तो म्हणाला.

सीलवतीने चाकू पुसून परत दिला. "उठा. ऊन चढतंय."

वरच्या सगळ्या पायऱ्या तिने त्याच काठीने चढल्या. तो मागून येत होता. उतरणारे लोक तिला पुण्य लाभो म्हणत होते, काही जण नावाने हाक मारून.

शिखरावर बुद्धाच्या पाऊलखुणेपाशी घंटा आहे. जितक्यांदा डोंगर चढलात, तितक्यांदा वाजवायची. कोणी मोजत नाही, तरी खोटं कोणी वाजवत नाही. पाया पडून दोघं रांगेत उभे राहिले.

सीलवतीची पाळी आली. विल्बर्ट मोजत होता. अठराव्यापर्यंत टोल एका लयीत पडले. मग ती थांबली, दोराकडे बघत एक श्वास घेतला, आणि पुन्हा वाजवू लागली. अठ्ठावीस झाले. तिने दोर त्याच्या हातात दिला.

त्याने ओढला नाही. "एकोणिसाव्याला का थांबलीस?"

"तो माझा नाही. त्या वर्षी माझे हात चालेनात. मुदियान्सेने वाजवला."

"त्याने?"

"दुसरं कोण होतं इथं?"

मागून कोणीतरी म्हणालं, "आजोबा, कितवी खेप?"

"पहिली," विल्बर्ट म्हणाला. रांगेत दोघंतिघं हसले, चांगल्या मनानेच.

त्याने दोर ओढला. घंटा एकदा वाजली. त्याची मूठ सुटेना. हात पुन्हा वर गेला.

"एकच," सीलवती म्हणाली, आणि त्याच्या मुठीतला दोर सोडवून तिने मागच्या माणसाला दिला.