विरोधातले हात

रेवदंड्याजवळच्या त्या कोळीवाड्यातली अकरा घरं वादळात समुद्रानं माणसांसकट ओढून नेली होती. सोनूबाई तेवढी माहेरी गेली होती म्हणून वाचली. तेव्हापासून अकराही घरांची घरपट्टी ती दरवर्षी भरत आली होती.

“नसलेल्या घरांवर कर घेता येत नाही, आजी. नोंद काढावी लागेल,” नवीन ग्रामसेविका सुचिता ग्रामसभेत म्हणाली.

“पट्टी थांबली, की ती मानसं गावची ऱ्हायली न्हायत.”

सुचितानं ठराव मांडला. बाजूनं बाकी सगळ्या सभेचे हात वर झाले. विरोधात एकटी सोनूबाई. समुद्राकडच्या उघड्या दाराला पाठ करून बसलेल्या सुचितानं ‘एक’ लिहिलं.

“बाय, तुज्या मागं उभी हायत, त्यांचे बी हात मोज,” सोनूबाई शांतपणे म्हणाली.

सुचितानं वर पाहिलं. सगळी सभा तिच्या खांद्यावरून दाराकडे बघत होती. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या मोरूनं, ओळखीचं कुणी दिसावं तसा, हळूच नमस्कार केला. सुचिताला मान वळवायचा धीर झाला नाही. तिनं ‘एक’ खोडलं.

“किती आहेत?”

“सगळी आलीत. पोरांचे हात मोजू नको, त्यांना मत न्हाय.”