दर सेकंदाला

स्वतः लिहिलेला प्रोग्राम तपासायला तिला नेटवर फुकट मिळणारी, दर सेकंदाला आपोआप येणारी, रकान्यांत नीट मांडलेली माहिती हवी होती. दोन दिवस धुंडाळल्यावर एक पान सापडलं. कुठल्याशा वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांच्या मनगटावरच्या पट्ट्यांनी मोजलेले हृदयाचे ठोके तिथे राजरोस वाहत होते. खोली, वय, सगळं उघडं. तिला शिसारी आली. ती पान बंद करणार, तोच खोली सातमधल्या एक्क्याऐंशी वर्षांच्या आजींचा आकडा घसरायला लागला. बासष्ट. चाळीस. एकवीस.

तिने पानावरचाच नंबर फिरवला. "सात नंबरच्या आजींकडे धावा! ठोके बंद पडायला आलेत."

"तुम्हाला कसं कळलं?" व्यवस्थापक दचकला.

"अहो, तुमची सगळी माहिती अख्ख्या जगाला दिसतेय!"

"बाप रे! लगेच बघतो."

दोनच मिनिटांत पान कुलूपबंद झालं. तिचा जीव टांगणीला लागला. तिने पुन्हा फोन लावला. "आजी कशा आहेत?"

"कोण आजी?" व्यवस्थापक आता निवांत होता. "पासवर्ड टाकलाय मॅडम. आता कोणालाच काही दिसणार नाही."