गव्हाची गाडी

शांतिसेनेच्या जीपखाली सुरुंग फुटला आणि ड्रायव्हरच्या चिंधड्या उडाल्या. टेकडीवरून गोळ्या सुटू लागल्या. सुभेदार खताळ तसेच वर धावले आणि आडोशामागच्या बंडखोराच्या पोटात त्यांनी दोन गोळ्या घातल्या.

आडोसा पोत्यांचा होता. आत वाळू, बाहेर निळी अक्षरं: 'भारताकडून सप्रेम भेट'.

खताळ ती पोती ओळखत होते. वर्षापूर्वी दर गुरुवारी त्यांच्याच पहाऱ्यात परक्या देशातल्या या गावात गव्हाची गाडी यायची, आणि वाटेत पुरलेले सुरुंग गावकरी आपणहून दाखवायचे. मग दिल्लीने मदत बंद केली. "बरं झालं, फुकट्यांना किती दिवस पोसायचं," असं खताळच मेसमध्ये म्हणाले होते.

त्यांनी पालथ्या बंडखोराला उताणं केलं. हा तर गाडीतली पोती उतरवणारा मुसा.

मुसाने खताळांच्या दंडावरचा तिरंगा पाहिला. हाताने आतडी आत दाबत त्याने मोडक्या हिंदीत विचारलं, "साहेब, गहू आला?"

खताळांना नाही म्हणवेना. "आला," ते म्हणाले.

"मग गाडी पुलावरून आणू नका," मुसा म्हणाला. "मी तिथे आणखी दोन पुरलेत."